ताईच्या आवाजाची बटणं

तीर्थरूप ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

घशाच्या ऑपरेशननंतर तुझा आवाज राहील की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून या वयात मी मोबाइलचं ॲप बनवायला शिकलो. तुझ्या जुन्या व्हॉइस मेसेजमधली वाक्यं कापून एकेका बटणाला जोडली. कित्येक दिवस मुकं राहिलेलं पहिलं बटण आज बोललं, "गाढवा, जेवलास का?" भाड्याच्या खोलीत मी चक्क उठून उभा राहिलो! परकायाप्रवेश पोथीत वाचला होता. स्वतःच्या हातून घडला तेव्हा अंगावर काटा आला.

पाणी, औषध, भाऊजींवर ओरडणं, सगळं सापडलं. माझं कौतुक मात्र कुठेच नाही. तेवढं ऑपरेशनआधी बोलून पाठव. नाहीच सुचलं, तर नुसती हस. त्यालाही एक बटण ठेवलंय.

तुझा आज्ञाधारक,
गाढव