पातं खिंडीपलीकडे गेलं

आदरणीय भावोजी,

तुम्हाला वाकून नमस्कार आणि ताईला लांबूनच, कारण ती चिडली आहे असं कळलं. तुमची पाठ आता कशी आहे? माझी विचारू नका, दोन राज्यांचे खड्डे तिला तोंडपाठ झालेत.

तर भावोजी, आपण जिंकलो. पवनचक्कीचं पातं सरहद्दीवर अडकलं तर ट्रेलरची चावी पुतण्याला देईन, असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात (पुतण्या तेव्हा हसला, ते मी पाहिलंय). आता हस म्हणावं. सरहद्द डोंगराच्या खिंडीत. अलीकडच्या राज्यात एवढा लांब माल फक्त दिवसा चालतो, पलीकडच्या राज्यात फक्त रात्री. म्हणजे उजेडात पलीकडच्या नाक्याचे साहेब हात आडवा करणार आणि अंधारात अलीकडचे. पात्याचं तोंड एका राज्यात आणि शेपूट दुसऱ्यात असेल तेव्हा काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, पण नकार दोघांचाही ठाम होता.

मी आठवडाभर तिथे चहा करत बसलो (ताईचाच स्टोव्ह, शाबूत आहे). संध्याकाळी अलीकडे ऊन डोळ्यांवर येई, म्हणून एकदा स्टोव्ह उचलून खिंडीपलीकडे गेलो, तर तिथे डोंगराच्या सावलीत अंधारून आलेलं, साहेबांनी दिवा लावलेला. अहो, इकडे दिवस आणि तिकडे रात्र, एकाच वेळी! दुसऱ्या दिवशी दोन्ही साहेबांना आपापल्या दारात उभं केलं आणि म्हटलं, "नियम तुमचा, डोळेही तुमचेच. बघा आणि सांगा." अलीकडचे कपाळावर हात धरून म्हणाले, दिवस आहे. पलीकडच्यांनी दिव्याकडे पाहून मान हलवली. मी गिअर टाकला. पातं असं सुळकन निघालं की दोघेही टाळ्या वाजवायला लागले. भावोजी, मला रडूच आलं.

पुतण्यासाठी आता एखादा टेम्पो बघा.

तुमचा विजयी मेहुणा

ता. क. अलीकडे असतानाच दोन पात्यांची एक पवनचक्की दिसली होती. बिचारीचं तिसरं कुठे गेलं, म्हणून मी हळहळलोसुद्धा. आत्ता फोन आला, ती आपलीच. तुम्ही सरहद्दीपाशी उतरव म्हणाला होतात खरे, पण लांब पल्ल्याच्या माणसाला सरहद्द दिसली की ती ओलांडायचीच असते.

पुन्हा ता. क. एवढा ट्रेलर वळवता येईल अशी जागा पुढे तिसऱ्या राज्यात आहे. तिथे असला माल फक्त रविवारी सोडतात म्हणे. तेव्हा डिझेलचं बघा आणि पवनचक्कीवाल्यांना जरा थोपवून धरा. चावीचा विषय मात्र काढू नका. माल पोचवला नाही असं कुणी म्हणू शकत नाही. जरा जास्तच पोचवलाय, एवढंच.