एक टोक पिवळं, एक टोक लाल

आई,

काल कपाट आवरताना तुझी काचेची पट्टी हाताला लागली. एक टोक पिवळं, मधे नारिंगी, दुसरं टोक गडद लाल. उल्हासनगरच्या ज्या कारखान्यात तू दिव्यांच्या लाल काचांच्या कामाला होतीस, तिथून ती पदराला बांधून आणली होतीस. मी शाळेत होते. "भट्टीत अर्धीच गेली, म्हणून अशी झाली. सेठ फेकत होता," म्हणालीस. ओतल्यावर काच फिकट असते, दुसऱ्यांदा तापवली की तिला लाल रंग चढतो, हे मला तूच सांगितलंस. तुझं काम त्याच्या आधीचं. वाळू, सोडा आणि ती पिवळी पूड घमेल्यात हाताने कालवायची. संध्याकाळी तू बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या आपल्या दोघींच्या खोलीवर येतेस, मी बिलगायला धावते आणि तू खेकसतेस, "लांब हो! आधी अंगावर पाणी घेऊ दे." मला ते फार लागायचं. तुझ्या निऱ्यांत पिवळं, नखांत पिवळं, पुढे पुढे दातांच्या मुळाशीसुद्धा पिवळी रेघ आली.

मग तुझं नाक गेलं. वरण करपून खोलीभर वास सुटला, तरी तू चुलीकडे पाठ करून तांदूळ निवडत होतीस. मी ओरडले तेव्हा दचकलीस. "सर्दी असेल गं," म्हणून हसलीस. ती सर्दी कधी गेलीच नाही.

नशीब बघ, एम.एस्सी.नंतर संशोधनाला मला विषय मिळाला तो असल्याच काचेचा. दुसऱ्यांदा तापवताना काचेच्या पोटात अर्धसंवाहकाचे, म्हणजे सेमीकंडक्टरचे, अतिसूक्ष्म कण धरतात. लहान राहिले तर काच पिवळी, वाढले तर लाल. मंद प्रकाश गिळणारी ही काच लेझरचा झोत वाढवला की उलट जास्त प्रकाश आरपार सोडू लागते, ते आम्ही मोजायचो. सुरुवातीलाच सरांनी कपाटातून एक बाटली काढली. "मास्क लाव, हातमोजे घाल. ही पूड मूत्रपिंडं खाते." बाटलीवरची कवटी मी नंतर पाहिली. रंग आधी ओळखला.

तेव्हा तुझे पाय सुजू लागले होते, कूस बदलताना हाडं दुखायची. मी सेठकडे जाऊन भांडले. "अरे बेटी, सब हाथ से ही करते हैं, किसी को कुछ नहीं हुआ," म्हणत त्याने चहा मागवला. मी तो तसाच ठेवून आले. घरी तुला सगळं सांगितलं. तू मेथी निवडत होतीस. मान वर न करता विचारलंस, "तू घालतेस ना हातमोजे?"

"हो."

"मग झालं तर."

काय झालं, आई? काही झालं नव्हतं. पावसाळा संपायच्या आत तू गेलीस.

पुन्हा प्रयोगाला बसले. लेझर फार वेळ पडला की काच काळवंडते, तिचा गुण बिघडतो. पण भट्टीत नीट तापवली की ती परत होती तशी होते. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या काचेचा इतका राग आला की मी खोलीबाहेर निघून गेले. सरांनी तुझी पट्टी मागितली होती, एकाच तुकड्यात सगळ्या आकारांचे कण मिळतील म्हणून. मी दिली नाही.

हा कागद कुठे पाठवायचा? त्यातच पट्टी गुंडाळून ठेवणार आहे. त्याआधी ती खिडकीत धरली, तर लाल टोकातून ऊन भिंतीवर उतरलं. याच रंगाने तुला खाल्लं. तरी तुला म्हणून सांगते, इतका सुंदर रंग मी दुसरा पाहिलेला नाही.