सातवं शिंग

४ एप्रिल
आज रुजू झाले. वनरक्षक म्हणून ही माझी पहिलीच नेमणूक. खामगावहून बसनं फाट्यापर्यंत आले, तिथून वनमजूर तुळशीरामकाकांनी मोटरसायकलवर चौकीत आणलं. दोन खोल्या, निंबाची गार सावली, हापसा अगदी दाराशी. काकांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा धाडला होता. घरी फोन लावायला टेकडी चढावी लागते, एवढीच अडचण. बाकी मी खूश आहे.

६ एप्रिल
सांबरांची शिंगं गळायचे हे दिवस. गळालेलं शिंग दिसलं की नोंद करून चौकीत जमा करायचं, नाहीतर लोक चोरून विकतात. आज सागाच्या पाचोळ्यात पहिलं सापडलं. हातभर लांब, तीन फाट्यांचं. काकांनी बूड दाखवलं. आपोआप गळालेल्या शिंगाचं बूड खडबडीत असतं. मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचा तुकडा चिकटून येतो. बराच वेळ मी त्यावरून बोटं फिरवत बसले.

९ एप्रिल
सहा झाली. आज लक्षात आलं, सगळी एका ओळीत पडलेली होती. पन्नास-पन्नास पावलांवर एक, नाल्याच्या दिशेनं. सातवं लांबून दिसलं तसे काका थांबले. म्हणाले, "मॅडम, हे गळेल नाही. ठेवेल हाय. आपल्याले बोलावून राह्यलं."
गळालेलं नाही, ठेवलेलं म्हणे! मी हसले. ते परत फिरले, सातवं तिथंच राहिलं.

१० एप्रिल
सातवं घेऊन या म्हणून काकांना एकट्यालाच पाठवलं. मला अहवाल लिहायचा होता. ते दुपट्टा खांद्यावर टाकून सकाळी आठला गेले.
आता चार वाजलेत.

११ एप्रिल
आले नाहीत. गावातली माणसं नाल्यापर्यंत शोधून आली. शिंग-बिंग तिथं काहीच नाही म्हणाली.
मंजुळाबाई सकाळपासून पायरीवर बसून आहेत. एकदाच विचारलं, मॅडम, त्याहीले एकटं काऊन धाडलं?

१२ एप्रिल, सकाळ
मीच निघाले. सातवं तिथंच आहे. त्यावर काकांचा दुपट्टा, नीट घडी घालून ठेवलेला.
पुढे आठवं. नववं.

दुपार
नाल्यात उतरले. ऊन डोक्यावर. एक पाखरू बोलत नाही.
काका दिसले — पलीकडच्या काठावर, पाठमोरे. हाका मारल्या. वळले नाहीत. मग त्यांचा आवाज आला, या म्हणाले. पण आवाज तिकडून नाही — माझ्या मागून.

खडकाला पाठ टेकून लिहितेय. ही वही कुणाला सापडली तर मंजुळाबाईंना सांगा, चूक माझी होती —

आल्या वाटेवर शिंग आहे. येताना नव्हतं.

आता दोन शिंगं. बुडं ओली. मी खाली बघून लिहिते तेवढ्यात —

पलीकडे काका नाहीत.

पुन्हा या म्हणाले. अगदी जवळून.

मी टेकलेय तो खडक गरम आहे. हलतोय. वर, खाली — श्वास घे