चुकून कापलेली साडी

बाई,

टर्रर्र असा तो आवाज. आधी कात्रीचा एक लहानसा काप, मग कापडाची दोन्ही टोकं चिमटीत धरून तुम्ही एकच हिसका द्यायचात, आणि साक्रीच्या शाळेतल्या त्या पत्र्याच्या वर्गात मांजरपाट या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटत जायचं. पहिल्या दिवशी आम्ही दचकलो होतो. आमच्या घरी कापड फाटलं की पाठीत धपाटा ठरलेला. तुम्ही मात्र ती कड उजेडाकडे धरलीत आणि म्हणालात, "कात्री वाकडी जाईल. धाग्यावर फाडलेलं सरळच जातं. बघा." आम्ही बघितलं. खरंच, दोरी धरून आखल्यासारखी सरळ.

आम्हा मुलांना तुमच्या शिवणाच्या तासाला बसवलं होतं ते नाइलाजानं. शेतीचे मास्तर बदली होऊन गेले होते, दुसरे येईनात, आणि मोकळी सोडलेली मुलं आठवडे बाजारात सापडायची. मुलींना आयतीच करमणूक मिळाली. "ए टेलर, माझं पोलकं कधी देशील?" असं मला रोज कुणीतरी विचारायचं. मला तेव्हा एकच वेड होतं, पाठ्यपुस्तकातल्या कविता. नवं पुस्तक हाती आलं की धडे सोडून आधी कवितांची पानं. पाठ करायला बसावंच लागायचं नाही, बैल हाकताना, पाणी शेंदताना त्या आपोआप तोंडी बसायच्या. शिवतानाही मनात त्याच.

त्यावरूनच तुम्ही मला पकडलंत. रुमालाला धावदोरा घालून आणायचा होता. तुम्ही माझा रुमाल हातात घेतलात, टाक्यांवरून अंगठा फिरवलात आणि विचारलंत, "शिवताना मनात काय म्हणत होतास?"

"काही नाही, बाई."

"काही नाही कसं? दोन आखूड, एक लांब. दोन आखूड, एक लांब. आणि ही गाठ पडलीये ना, तिथं ओळ संपली. कालच्याच मराठीच्या तासाची कविता आहे ही."

वर्ग खदखदून हसला. माझे कान तापले. तुम्ही सगळा दोरा उसवलात, रुमाल परत माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "कविता वहीत. सुईला एकच मात्रा." पण शाळा सुटताना, शेवटच्या वर्षी, तुम्ही मला सुया ठेवायची एक चोपडी दिलीत. फ्लॅनेलची चार पानं, मध्ये टाके घालून शिवलेली, वर खणाचं कव्हर. "तुला पुस्तकं आवडतात ना," एवढंच म्हणालात. टाके घालताना तुम्हीही मनात काही म्हणत होतात का, हे मी त्या पानांवर बोट फिरवून कितीदा तरी तपासलं आहे. नाही, बाई. तुमचे सगळे एकसारखे.

पुढे मी मराठीचा मास्तर झालो, जळगावात घर केलं. वर्गात कविता शिकवल्या आणि घरी शिवण केलं, ते बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ती हसायची. "कवितेचे सर आज पायपुसणं वळतायत." पण जुन्या साडीच्या पट्ट्या फाडून वेणी घालायला स्वतःच समोर बसायची, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून. आम्ही दोघांनी काय काय केलं त्या दुपारच्या वेळांत! जुन्या पँटच्या पायाची बाजारची पिशवी, कारण तिच्या दोन शिवणी आयत्याच मिळतात. तव्यावरून भाकरी उतरवताना धरायला कापडाची जाड पकड, आत घोंगडीचा तुकडा घातलेली. उशांचे अभ्रे, चष्म्याचं घर, दारावरचं तोरण. आता हेच सगळं फोनवर दाखवतात, 'पाच मिनिटांत सुंदर पर्स' म्हणून. पाच मिनिटं मला चष्मा शोधायला लागतात, आणि दहा सुईत दोरा ओवायला. पण मी बघतो. कुणीतरी पोरगी तिकडे कुठेतरी उरलेल्या काठाचं काहीतरी करतेय, हे बघायला बरं वाटतं.

बायको गेल्याला दुसरं वर्ष चाललंय. तिचे दिवस घातले तेव्हा धुळ्याहून आलेली मुलगी कपाटापुढे उभी राहिली, साड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आबा, यातली एकही कापायची नाही. तुम्हाला शिवायचं तर मी नवं कापड आणून देईन." मी हो म्हटलं. त्यात एक वांगी रंगाची होती, मोहरीच्या रंगाच्या काठाची. बायको ती सणाला नेसायची नाही. कुठे बाहेर जायचं नाही, कुणी यायचं नाही, अशा दिवशी नेसायची.

या उन्हाळ्यात मी त्या साडीची खांद्याला लावायची पर्स शिवली आणि मुलीच्या वाढदिवसाला धुळ्याला घेऊन गेलो. काठ बरोबर झाकणाच्या मधोमध घेतला होता, अस्तराला माझा जुना सदरा. तिनं कागद सोडला, पर्स हातात घेतली, हसली. मग काठ दिसला. हसू थांबलं.

"आबा, ही आईची आहे?"

मी म्हटलं, "अगं, चुकून हाताखाली आली. चिंध्यांच्या गाठोड्यात होती."

"चुकून?"

"हो ना. कापल्यावर लक्षात आलं."

तिनं पर्स टेबलावर ठेवली आणि आत गेली. स्वयंपाकघराच्या दारात तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, हातात पोह्यांची ताटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताटली माझ्यापुढे ठेवली आणि पंखा वाढवला. त्याला आता दीड महिना होत आला. जावई फोन करतात, "आबा, जेवलात का?" विचारतात. "ती कुठे आहे?" म्हटलं की "जरा कामात आहे" म्हणतात. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा, बाई. आता सात वाजता मी टीव्ही मोठा करून बसतो.

हे कुणाला सांगायचं म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तेही मला धड सांगता येणार नाही. पत्र पेटीत टाकायचं नसलं की माणूस खरं लिहितो, असं वाटलं होतं, पण बघा, एवढी पानं झाली तरी मी आडून आडूनच चाललोय. तर आता लिहितो. साडी चुकून कापली नाही. ती कपाटातच होती, जिथं मुलीनं ठेवली होती तिथंच. मी ती काढली, पलंगावर पसरली, खडूनं रेघा मारल्या, काठ कुठे यावा ते कागद ठेवून ठरवलं आणि मग कापली. घडीवर कापड विरायला लागलं होतं, हे खरं. तुम्हीच सांगायचात, घडीत ठेवलेलं कापड घडीवरच मरतं. मुलीला मी तेवढं जरी सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तेही अर्धंच खरं. ती साडी मला हातात हवी होती. कपाट उघडून नुसतं बघण्याचा मला कंटाळा आला होता. शिवायला घेतलं की कापड दिवसच्या दिवस मांडीवर असतं, त्याला हात लावायला कारण लागत नाही. आठ दिवस ती माझ्या मांडीवर होती. पर्स मुलीसाठी, हे मी नंतर ठरवलं. आणि टाके सगळे लांब-आखूड पडलेत, बाई. या वेळी ते कुणी उसवले नाहीत.

इथं थांबून सही करणार होतो, तेवढ्यात फाटक वाजलं. भर दुपारी कोण म्हणून उठलो. दारात विहीणबाई. सोनगीरचं माहेर आणि धुळ्याचं घर, याबाहेर एकट्या कधी न गेलेल्या. एसटीनं आलेल्या, डोक्यावरचा पदर घामानं कपाळाला चिकटलेला, काखेत कापडी पिशवी.

"इवाई," त्या म्हणाल्या. व्याह्याला आमच्याकडे असंच म्हणतात. "घरमा या म्हनश्यात का आठेच उभं ठेवश्यात?"

मी बाजूला झालो. "सगळं ठीक ना? मुलगी बरी आहे ना?"

"बठ्ठं बरं शे. तिले सांगं नही मी. मंदिरमा जास म्हनीसन निंघनू." खाली बसत त्यांनी पिशवीतून एक साडी काढली. हिरवी, जरीची, त्यांच्या लग्नातली. "हाई मनी शे. मी जित्ती शे तवलगून कापा. मी मरी गऊ का तुमनी पोर कपाटमा ठेई देई, हात लावू देवाव नही कोनले."

माझ्या तोंडातून निघालं ते हेच. "विहीणबाई, ती साडी मी चुकून नव्हती कापली."

"माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "चुकीसन कोनी काठ इतला मधोमध आनस का? पोरले बी माहीत शे. साडी कापी त्यानं नही, इवाई, चुकीसन म्हनात त्यानं तिले लागनं."

आणि साडी मांडीवरच ठेवून त्यांनी आधी आपला फोन पुढे केला, मुलीचा नंबर लावलेला.