'संपल्या' एवढंच

ती. बाबांना,

धाकटीचा नमस्कार. मी सुखरूप आहे, जेवणही वेळेवर होतं.

मी टीव्हीवर दिसल्याचं तुम्ही गल्लीभर सांगितलंत म्हणे. आता सांगू नका.

दवाखान्यात माझ्या औषधांच्या खिडकीशी मी बातमीदाराला म्हणाले, "तापाच्या गोळ्या आज संपल्या, उद्या सकाळी येतील." त्यांनी 'संपल्या' एवढंच दिवसभर दाखवलं, खाली मोठ्या अक्षरांत 'गेल्या कुठे?' संध्याकाळी जमाव आला. "हीच ती दडवणारी!" म्हणत एकाने माझा दंड धरला. शिपाईकाकांनी सोडवलं.

सकाळी गोळ्या आल्या, तरी कुणाला पटेना. तोंड झाकून कामावर जाते. जिन्यात पाऊल वाजलं तरी उठून कडी तपासते.

तुमचा गुडघा कसा आहे?

काल फोनवर आईने हळूच विचारलं, "तू खरंच काही दडवलं नाहीस ना गं?" बाबा, तिला तुम्हीच सांगा.

तुमचीच,
धाकटी