दांडा सैल झाला असेल

१८ नोव्हेंबर

अण्णांना पक्षाघात होऊन आज एकोणचाळीस दिवस. उजवा हात खांद्यातून हलतो. बोटे मात्र परक्या घरी बसल्यासारखी निमूट. जीभ सुटली आहे, टोमण्यांसकट. सकाळी शर्टाच्या एका गुंडीशी कितीतरी वेळ झटत होते. मी पुढे झाले.

"विज्ञानात तुला पैकीच्या पैकी होते ना? त्यात मेंदू होता का?"

"होता."

"मग दे की त्याला निरोप. गुंडी लावायची आहे म्हणावं."

आई हसली. मला जमले नाही.

२२ नोव्हेंबर

ग्रंथालयात चार तास. मेंदूच्या नकाशात अख्ख्या पाठीपेक्षा एकट्या हाताला जास्त जागा. त्यातही अंगठ्याचा वाटा मोठा. वापर थांबला की ती जागा शेजारचे अवयव बळकावतात.

घरी आले. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, खाली तांब्याच्या भांड्यांचा कारखाना. दाराजवळची अण्णांची बैठक रिकामी. तिच्यावर त्यांचे अर्धवट राहिलेले घंगाळ पालथे. निम्म्या अंगावर अण्णांच्या हातोडीचे ठसे, माशाच्या खवल्यांसारखे ओळीने. उरलेले निम्मे कोरे. आमच्यात एका भांड्याला दोघांचा हात लागत नाही. ठसा वेगळा पडतो आणि जाणत्याला तो दिसतो.

काका (अण्णांचे धाकटे भाऊ) म्हणाले, "दादा, गिऱ्हाईक सारखं विचारतंय. संक्रांतीपर्यंत थांबतो. मग मीच पुरं करतो."

"कर की. त्याच्या वर माझा फोटो लाव. हार घालून."

२९ नोव्हेंबर

थेरपिस्ट बाईंनी नवा उपाय सांगितला: चांगला, म्हणजे डावा हात रोज सहा तास बांधून ठेवायचा. म्हणजे नाइलाजाने उजवा काम करील. आईने जुन्या गोधडीच्या तुकड्याचा जाड मोजा शिवला. तो चढवण्याचे काम माझ्याकडे आले. मी शिकलेली आहे ना.

जेवताना भाताचे शीत ओठांपर्यंत पोचेना. अण्णा ताटाकडे पाहत म्हणाले, "चोराचे हात बांधतात. माझा बांधलास तो बिनचूक हात."

९ डिसेंबर

हे कोणाला सांगितलेले नाही. येथे तरी लिहावे.

झटका आला त्या सकाळी मी वर अभ्यास करीत होते. कानांत कापूस. आठवीपासूनची सवय, हातोड्यांच्या आवाजात पाठांतर होत नाही, अशी तक्रार करून मीच ती लावून घेतली. त्याच कापसावर बोर्डात नंबर आला.

खाली अण्णांचा ठोका चुकू लागला होता. काकांनी तो ऐकला. त्यांना वाटले, हातोडीचा दांडा सैल झाला असेल. त्यांनी दांडा काढला, पाचर तासली, पुन्हा ठोकून बसवली. तरी चुकतोच, म्हणून दुसरी हातोडी दिली. तीही अण्णांच्या हातून पडली, तेव्हा कुठे त्यांच्या तोंडाकडे पाहिले. ओठ एका बाजूला उतरला होता. तासभर हातोडी दुरुस्त होत होती.

काका अडाणी नाहीत. या घरात ठोका चुकला तर दोष आधी हत्यारात शोधतात, माणसात नाही. पण त्या घरात एक व्यक्ती अशी होती, की जिला चुकलेल्या ठोक्याचा दुसरा अर्थ ठाऊक होता. त्या आजाराची लक्षणे तिने सुवाच्य अक्षरात लिहिली होती, कडेला समासही आखला होता.

मधल्या त्या तासाचे मोल, मेंदूच्या पेशींत मोजलेले, मला पाठ आहे.

२१ डिसेंबर

गोट्या एका वाटीतून दुसरीत टाकण्याची चाचणी. पहिल्या आठवड्यात एका मिनिटात तीन, आज अकरा. मी वहीत आलेख काढला. थेरपिस्ट बाईंना दाखवला.

बाई आलेखाकडे न पाहता अण्णांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी अण्णांची पाठ खुर्चीला टेकवून पट्टा बांधला. "आता टाका."

चार.

"मनगट आणि बोटं अजून तिथंच आहेत. खांदा पुढे येतो, कंबर वाकते, ते हाताला उचलून नेतात. हे बरं होणं नव्हे, ही उसनवारी." बाई गोड बोलून सांगतात, म्हणून अधिक लागते.

आलेख फाडला नाही. रेघा सुरेख आल्या आहेत.

२ जानेवारी

एम.एस्सी.च्या वर्गात माझा सेमिनार. विषय मीच निवडलेला: पक्षाघातानंतर हाताच्या कुशल हालचालींवर मेंदूचे नियंत्रण. इंग्रजीतून बोलायचे म्हणून तीन दिवस आरशापुढे पाठ केले. 'एक कारागीर, वय एकोणसाठ' असे उदाहरण दिले. सर म्हणाले, उदाहरण जिवंत आहे. टाळ्या. मी खाली पाहिले.

संध्याकाळी मोजा चढवताना अण्णांनी हात मागे घेतला.

"डावा भांडं फिरवतो, म्हणून उजव्याला मारता येतं. तो किती फिरवेल हे याला आधी कळतं. एकाला कोंडून दुसऱ्याला काय शिकवतेस?"

"बाईंनी सांगितलंय, अण्णा."

"बाईंनी कधी घंगाळ ठोकलंय?"

मी मोजा चढवला. रात्री पुस्तक उघडले. मेंदूचे दोन अर्धगोल एकमेकांना कळवीत असतात. दोन हातांचे काम हे दोन कामांची बेरीज नव्हे. परिच्छेद ऑक्टोबरमध्येच वाचलेला. खाली पेन्सिलीची रेघही माझीच.

१३ जानेवारी

मोजा घातला नाही. अण्णांनी मागितला नाही, मी दिला नाही. काकांनी विचारले, "उद्या?" अण्णा म्हणाले, "उद्या बघू, कोण कोणाचं पुरं करतो."

१४ जानेवारी, दुपार

संक्रांत. आळीतले बाकीचे कारखाने बंद. आई वाण घेऊन शेजारी गेली. जेवण झाल्यावर अण्णा आणि काका दोघेही खाली उतरले. अण्णा भिंत धरून, एकेक पायरी. मला म्हणाले, "तू वरच थांब. अभ्यास कर."

हे लिहिताना खाली ठोके पडत आहेत. तांब्यावरचेच. एक, मग अंतर, मग दोन जवळ. पुन्हा अंतर. ते अंतर अण्णांच्या अडखळण्याचे आहे, की त्यांच्या अपुऱ्या ठशांशी ठसा जुळवताना सांभाळून हात टाकणाऱ्या काकांचे?

आळीतला कोणीही रस्त्याने जाता जाता सांगेल, हा हात कोणाचा. मी बावीस वर्षे या घरात आहे. मला सांगता येत नाही.

जिन्याला तेरा पायऱ्या आहेत. मी अजून उठलेले नाही.