गाळलेल्या ओळी

अदी क्वाला,
११ फेब्रुवारी २००८

प्रिय मेदहिनताईस,

मरियम तुझं घर भरलेलं ठेवो. आम्ही तिघी बऱ्या आहोत. माझी रिशान मे महिन्यात दहाची होईल, आताच माझ्या खांद्याला लागली आहे. तांबडी शेळी व्याली, दोन्ही पिल्लं जगली. तिचा बाप बेरहे अजून सीमेवरच्या खंदकातच. नाताळात चार दिवस घरी आला होता, त्यातले दोन झोपण्यात गेले.

ही चिठ्ठी रेड क्रॉसच्या कागदावर नाही. तो कागद उघडाच जातो, वाटेत दहा जण वाचतात आणि घरच्या निरोपापलीकडे त्यावर काही लिहिता येत नाही. ही मी आईच्या शालीच्या काठात शिवली आहे. हो, आई येते आहे. परवा, सीमेवरच्या मेरेब नदीच्या पुलावरून. पलीकडे तू अगदी पुढे उभी राहा, तिला आता उन्हात माणसं ओळखू येत नाहीत.

एवढ्यावरच थांबणार होते. पण मग शाल शिवत बसायची काय गरज होती?

ताई, मला तुझा हेवा वाटतो. लहानपणापासून वाटतो, पण ही दहा वर्षं जरा जास्तच झाली. आई माझ्या बाळंतपणाला दीड महिन्यासाठी आली, लढाई पेटली, रस्ता बंद झाला आणि ती इथेच राहिली. सगळे मला म्हणायचे, नशीबवान आहेस, आई मिळाली. कसली मिळाली! रोज कॉफी करताना ती एक पेला जास्त मांडायची. तुझा. तीन खेपांतल्या पहिल्या खेपेला आधी तुझ्या पेल्यात ओतायची, मग माझ्या. तिसरी खेप, आशीर्वादाची, तीही आधी तुला. तू तिकडे सीमेपलीकडे अद्वाला, नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसलेली, आणि इथे तुझी कॉफी निवायची. वर मला ऐकवायची, "मेदहिन दाणे कसे सारखे भाजते. तू जाळतेस." जाळणारच. माझं लक्ष त्या पेल्याकडे असायचं.

निळ्या टोपीवाल्या शांतिसैनिकांचाही मला राग यायचा. त्यांची चौकी गिरणीच्या वाटेवर होती. आई दळण घेऊन गेली की तिथेच रमायची. एकदा मी तिला शोधत गेले, तर ही बाई कॉफीचं सगळं सामान मांडून बसलेली. एक हिंदी शिपाई पहिलाच पेला पिऊन उठायला लागला, तर त्याच्यावर ओरडली, "बस खाली! तिसरा घेतल्याशिवाय उठतात का? आईने काही शिकवलं नाही?" दुभाषी तेवोल्देने त्याला सांगितलं, तेव्हा तो बिचारा लाजून बसला. तिथे मात्र तुझा पेला नव्हता. मला तेही झोंबलं. म्हणजे परक्यांच्यात तुझी आठवण नाही, फक्त माझ्यासमोर!

आता खरं ते सांगते. लढाई थांबल्यावर तुझी पत्रं यायला लागली, ती आईला मी वाचून दाखवायची. तू लिहायचीस, "आईचं नाव रेड क्रॉसच्या परतीच्या यादीत घाल, इकडची कागदपत्रं मी तयार ठेवली आहेत." ती ओळ मी वाचली नाही. पुढच्या पत्रात लिहिलंस, "आईला यायचं नाही का? मी काही चुकले का?" तीही नाही. मी वाचायची, "सगळे मजेत, गाईला वासरू झालं." तुला उत्तरात लिहायची, "आईला प्रवास झेपत नाही." सात वर्षं. एकूण अकरा पत्रं. ती आजारी असायची असं नाही, ताई. माझ्याआधी डोंगर चढते.

गेल्या महिन्यात डिझेल मिळेना म्हणून चौकी आवरायला लागली. त्या दिवशी आई आली आणि माझा पत्रांचा डबा चुलीपाशी ठेवला.

"हा जागेवर ठेव. आता मला लागायचा नाही," म्हणाली.

"तुला कधी लागला?"

"प्रत्येक पत्राला. तू वाचून दाखवलंस की दुसऱ्या दिवशी पिठाच्या पिशवीत घालून तेवोल्देकडे न्यायची. दोन अंडी दिली की तो पुरं वाचायचा."

मी हातातली तवी खाली ठेवली. मी म्हटलं, "सगळं माहीत होतं, तर गेली का नाहीस?"

"तिचा नवरा रोज जेवायला घरी असतो. तुझा? मी गेले असते तर तू काय चुलीशी बोलली असतीस?"

"आणि तो पेला? माझ्यासमोर रोज मांडायचीस तो?"

"मला मेदहिनकडे जायचंय का, असं तू कधीतरी विचारशील म्हणून मांडायची. सात वर्षांत एकदा तरी तोंड उघडायचं होतंस!"

मग म्हणाली, "आता चौकी उठली, तेवोल्दे अस्मराला चालला. मेदहिनचं पत्र मला पुरं कोण वाचून दाखवणार? तू? त्यापेक्षा मीच जाते. तिचं बोलणं तिच्याच तोंडून ऐकते."

चार दिवस आम्ही बोललो नाही. ती जाईल म्हणून नव्हे, ती माझ्यासाठी थांबली होती आणि मी ती सगळी वर्षं तुझ्यावर जळण्यात घालवली म्हणून मला रडू येत होतं. पाचव्या दिवशी मीच जाऊन यादीत तिचं नाव घातलं. अर्जावर घरच्या माणसाची सही लागते, तीही केली. निळ्या टोपीवाले गेल्यावर पूल पुन्हा उघडेल की नाही, कोणालाच सांगता येत नाही.

आज सकाळी तिने तिसऱ्या खेपेला तुझा पेला उचलून माझ्या हातात दिला.  मी प्यायले.

हे पत्र तिला वाचून दाखव, ताई. सगळं, माझ्या खोटेपणासकट. एकही ओळ गाळू नकोस. मला क्षमा कर असं म्हणायचं धाडस नाही, पण तुझी अकराही पत्रं मी जपून ठेवली आहेत, एकही फाडलं नाही.

आणि तिकडे ती माझ्या नावाचा पेला मांडते का, ते कळव. मांडत नसली, तर तेवढी एक ओळ गाळ.

तुझी धाकटी, अजूनही जळणारी,
झाफु